वसईच्या जमिनीत केबल नांगर चालेल का?

मोठे वादळ येऊन गेले की वसई-विरारमध्ये एक मागणी हमखास पुढे येते: तारा खांबांवरून उतरवा आणि जमिनीखालून न्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला धरून गुजरातकडे सरकले, तेव्हा पश्चिम पट्ट्यात झाडे आणि फांद्या तारांवर कोसळल्या, खांब वाकले आणि अनेक भाग अंधारात राहिले. जुलै २०१८ च्या पुरात मात्र उलटे घडले होते. तारा वर शाबूत होत्या, पाणी खाली साचले होते आणि त्या पाण्यात वीज चालू ठेवणेच धोक्याचे झाले, म्हणून पुरवठा बंद करावा लागला. वाऱ्यापासून वाचवायची तर वीज जमिनीखाली हवी आणि पाण्यापासून वाचवायची तर तिचे सांधे व पेट्या जमिनीच्या बऱ्याच वर हव्यात, असा हा दुहेरी धडा आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून अलिबाग, रत्नागिरी आणि पालघर तालुक्यातल्या सातपाटीला भूमिगत वीजवाहिन्यांची कामे घेण्यात आली, ती याच विचाराने.

विजेच्या जोडीला आता इंटरनेटची फायबर आली आहे. खांबावरून खांबावर, तिथून झाडावर आणि झाडावरून इमारतीच्या गच्चीवर लोंबणाऱ्या काळ्या तारांचे गुंते नालासोपाऱ्यात किंवा विरार पूर्वेला कुठेही मान वर केली की दिसतात. त्या खाली गेल्या पाहिजेत याबद्दल फारसा वाद नाही. पण खाली न्यायच्या कशाने, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ठेकेदाराच्या दारात जेसीबी उभा असतो म्हणून चर खणला जातो. दुसऱ्याकडे एचडीडीचे यंत्र असते, म्हणून तो रस्त्याखालून आडवे ड्रिलिंग करतो. यंत्र आधी ठरते आणि जमीन नंतर पाहिली जाते.

या दोन यंत्रांखेरीज तिसरेही एक आहे. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियात ते रोजच्या वापरात आहे, आपल्याकडे मात्र क्वचित दिसते. ते म्हणजे केबल नांगर. वसईच्या मातीत त्याला जागा आहे का, असली तर कुठे, आणि घ्यायचाच झाला तर कोणत्या जातीचा, याचा हा आढावा.

शेतातला नांगर माती उलथवतो. केबल नांगराने नेमके तेच करायचे नसते. त्याचा फाळ म्हणजे उभी, अरुंद, जाड पोलादी पाती. ती जमीन चिरत जाते. पातीच्या पाठीला एक पोकळ नळकांडे असते. केबल किंवा प्लास्टिकचा डक्ट वरून त्यात शिरतो, वळण घेऊन खाली उतरतो आणि चिरेच्या तळाशी आडवा पडतो. पाती पुढे गेली की माती दोन्ही बाजूंनी मिटते. वर उरते ती फुगलेल्या मातीची एक शिवण. त्यावरून ट्रॅक्टरचे चाक किंवा रोलर फिरवला की काम संपले. मातीचे ढीग नाहीत, डंपर नाही, रात्री उघड्या राहिलेल्या चरात दुचाकी पडण्याची भीती नाही. जमीन मऊ आणि मोकळी असेल तर दिवसाच्या कामाचा हिशेब मीटरऐवजी किलोमीटरमध्ये होतो.

ही कल्पना जुनी आहे. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनात जॉन फाउलर या इंग्रज कारखानदाराने शेतातले पाणी काढण्यासाठी असाच एक नांगर मांडला होता. दोरात ओवलेले लाकडी पाइप तो पातीमागून जमिनीत ओढून नेत असे. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, सॅम्युअल मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तारवाहिनी शिशाच्या नळीतून जमिनीखाली टाकायची ठरली, तेव्हा एझ्रा कॉर्नेल याने त्यासाठी खास नांगर बनवला. नांगर उत्तम चालला, पण नळीतल्या तारांचे आवरण कुचकामी निघाले. चूक वर्तमानपत्रांना कळू न देता काम थांबवायचे होते, म्हणून कॉर्नेलने नांगर मुद्दाम खडकावर घालून मोडला, असा किस्सा त्याच्या चरित्रांत सांगितला जातो. शेवटी तारा खांबांवरच चढल्या आणि २४ मे १८४४ रोजी पहिला संदेश गेला. याच कॉर्नेलच्या नावाने पुढे विद्यापीठ उभे राहिले.

त्या प्रसंगात आजच्या ठेकेदारालाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आहे. यंत्र निर्दोष होते, जमीनही बरी होती, फसली ती केबल. नांगर निवडताना सुरुवात केबलपासून करायची ती यासाठी. जे टाकायचे आहे ते किती जाड आहे, किती वाकते, किती ताण सोसते आणि त्याच्यावर किती माती हवी, हे चार आकडे हातात आल्याखेरीज यंत्राच्या अश्वशक्तीची चर्चा व्यर्थ आहे.

फायबरच्या बाबतीत हे आकडे नांगराच्या बाजूचे आहेत. आपल्याकडे फायबर सहसा थेट मातीत टाकत नाहीत. आधी ४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा एचडीपीई डक्ट पुरतात आणि मग कॉम्प्रेसरच्या हवेने त्यात फायबर फुंकतात. हा डक्ट हजार मीटरच्या वेटोळ्यात मिळतो. हलका, वाकणारा आणि किलोमीटरभर सांधा नसलेला हा डक्ट म्हणजे नांगरासाठीच घडवलेली वस्तू म्हणता येईल. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पातीमागच्या नळकांड्याचे वळण पुरेसे मोठे हवे, नाहीतर डक्ट तिथेच चेपतो आणि पुढे फायबर अडकते. आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेला डक्ट ओढताना ताणला जातो, जमिनीत थंड झाला की आखडतो. म्हणून टोकाला थोडी लांबी जास्त सोडून तो रात्रभर तसाच राहू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कापायचा.

खोलीचा आकडा मात्र नांगराच्या विरुद्ध जातो. बीएसएनएलच्या रुळलेल्या पद्धतीत साध्या मातीत फायबरचा डक्ट १६५ सेंटिमीटर खोल जातो. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेटच्या कामातही हाच मापदंड आला. पातीला लागणारी ओढ खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढते. मीटरभर खोलीला जे यंत्र हसतखेळत चालते ते दीड मीटरच्या पुढे जागच्या जागी चाके फिरवू लागते. परदेशात नांगर इतका सोयीचा वाटतो, त्याचे एक कारण असे की तिथल्या घरगुती जोडण्या आणि गावातल्या वाहिन्या बऱ्याचदा मीटरच्याही आत असतात. १९४२ मध्ये ओमाहा ते सॅक्रामेंटो अशी अर्धी अमेरिका ओलांडणारी टेलिफोन केबल ट्रॅक्टरांच्या तांड्यांनी नांगरून पुरण्यात आली, तिची खोलीही मीटरपेक्षा कमीच होती.

विजेच्या केबलीचे गणित आणखी वेगळे. ३३ केव्हीपर्यंतच्या केबली टाकण्याची भारतीय मानक संहिता, आयएस १२५५, लघुदाबासाठी ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीसाठी ९० आणि २२ व ३३ केव्हीसाठी १०५ सेंटिमीटर खोली सांगते. एवढी खोली चांगला नांगर गाठू शकतो. अडचण पुढे आहे. आपल्या पद्धतीत केबलीखाली वाळूची गादी, वर पुन्हा वाळू आणि त्यावर विटा किंवा फरशा लागतात. वाळू केबलीला खड्यांपासून जपते आणि तिची उष्णता बाहेर जाऊ देते. विटा पुढे कधीतरी कुदळ मारणाऱ्याला सावध करतात. नांगराच्या चिरेत वीट मांडता येत नाही. सावधगिरीची रंगीत पट्टी तेवढी पातीच्या वरच्या भागातून सोडता येते. युरोपात मध्यम दाबाच्या केबली नांगराने टाकतात, त्या जाड आवरणाच्या असतात आणि तिथले नियम पट्टीवर समाधान मानतात. आपल्याकडे संहिता जशी आहे तशी पाळायची तर उच्चदाबाची वाहिनी चरातच जाणार, किंवा आधी डक्ट टाकून मग ओढली जाणार. महावितरणच्या कामासाठी कोणी ठेकेदार नांगराची भलामण करत असेल, तर त्याला पहिला प्रश्न विटांचाच विचारावा.

त्याहून मोठ्या केबलींना तर हा प्रश्नच लागू होत नाही. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून मुंबईच्या आरेकडे जाणारी १,००० मेगावॅटची उच्चदाब एकदिश वाहिनी ८० किलोमीटरची आहे आणि त्यातले सुमारे ५० किलोमीटर भूमिगत आहेत. अशा केबलीला उष्णता वाहून नेणारा खास भराव लागतो. तिथे नांगराला कामच नाही.

आता यंत्राच्या जाती पाहू. ढोबळमानाने दोन. पहिली स्थिर पातीची. जड बुलडोझर किंवा साखळीपट्ट्याचा ट्रॅक्टर निव्वळ ओढीच्या जोरावर पाती जमिनीतून नेतो. ओढ कमी पडली तर पुढे दुसरा ट्रॅक्टर जुंपतात, किंवा लांब उभ्या असलेल्या विंचच्या वायररोपने नांगर खेचतात. दुसरी जात कंपन पावणाऱ्या पातीची. फिरत्या विषम वजनांमुळे पाती सेकंदाला अनेकदा खालीवर हलते, माती सैल होते आणि बऱ्याच कमी ओढीत काम निभते. त्यामुळे यंत्र लहान, हलके आणि अरुंद जागेत मावणारे असते. माणसाने मागून चालत हाकायची छोटी यंत्रे हातभर खोलीपर्यंत जातात. बसून चालवायची यंत्रे सुमारे मीटरपर्यंत पोचतात. बहुतेकांना पुढे चर खणणारी साखळी आणि मागे नांगर अशी दोन्ही अवजारे लावता येतात. वसईसारख्या ठिकाणी ही जोडणी महत्त्वाची, कारण इथे शंभर मीटर एकसारखी जमीन मिळणे हीच मोठी गोष्ट.

खरा विषय तोच आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा एकत्र करून झाली. कागदावर ते एक शहर झाले, पण जमिनीखाली त्याचे निदान चार प्रदेश आहेत.

पहिला पश्चिमेचा: अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज ते थेट वसई गावापर्यंत. समुद्राने आणून टाकलेली रेती, गाळाची माती, हाताशी लागणारे पाणी, विहिरी आणि बावखले, म्हणजे छोटी तळी. केळी, भाजी, फुलांच्या वाड्यांना बारमाही पाणी असल्याने जमीन ओली आणि मऊ. नांगराला यापेक्षा चांगली माती मागून मिळायची नाही. चर खणायला मात्र हीच माती वाईट. रेताड कडा ढासळतात, मीटरभरावर पाणी लागते आणि पाण्याने भरलेल्या चरात रिकामा डक्ट तरंगून वर येतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलके असते, त्यात आत हवा. मजूर बांबूने डक्ट दाबून धरतात आणि वरून माती लोटतात, तोवर तो कुठेतरी वीतभर उचलला गेलेला असतो. नांगराच्या चिरेत माती लगेच मिटते, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो.

मग नांगर इथेच का नको? कारण माती आहे, पण वाट नाही. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंती, मधे एका गाडीपुरता डांबरी रस्ता आणि साइडपट्टीच्या नावाखाली गटार, अशी या गावांतल्या बहुतेक रस्त्यांची रचना आहे. जिथे कडेला माती उरली आहे तिथे जुन्या झाडांची मुळे आहेत, आणि पाती मूळ कापत नाही, ओरबाडते. त्यात विहिरीवरून वाडीकडे जाणारे पीव्हीसीचे पाइप. ते घोट्याएवढ्या किंवा गुडघ्याएवढ्या खोलीवर रस्ता ओलांडून जातात, कोणत्याही नकाशावर नसतात आणि कुठून गेले आहेत हे त्या वाडीच्या म्हाताऱ्या मालकालाच ठाऊक असते. इथे कंपन नांगर चालेल तो तुकड्या-तुकड्यांत, आणि तोही वाडीवाल्यांना बरोबर घेऊन रस्ता चालून झाल्यानंतर.

दुसरा प्रदेश खाजणाचा: नायगाव, उमेळे, वसईची मिठागरे, खाडीकाठ. चिकट, खारट चिखल. चाकांचे यंत्र रुतते, रुंद पट्ट्यांचेही भरवशाचे नाही. इथे विंचवर ओढायचा स्थिर नांगर तांत्रिकदृष्ट्या योग्य. ओढणारे यंत्र टणक बांधावर उभे राहते आणि हलका नांगर वायररोपने खाजणातून येतो. पण तिवरे आडवी आली की यंत्राचा विचार बाजूला ठेवावा लागतो. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातली कामे रोखली आहेत. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी काढावी लागते. म्हणून खाडीकाठी डोके लढवायचे ते मार्ग बदलण्यात, किंवा तिवरांच्या खालून खोल ड्रिलिंग करण्यात.

तिसरा पूर्वेचा: गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार, तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत. वर मुरूम, खाली काळा कातळ. मुरूम नांगरता येतो, पण त्यात झिजून गोल झालेले दगडाचे गोटे दडलेले असतात. पाती गोट्यावर आपटली की यंत्र उडी मारते आणि त्या झटक्यात डक्ट तुटतो किंवा दिसणार नाही असा ताणला जातो. अशा जमिनीत आधी नुसती पाती रिकामी फिरवून घ्यायची आणि दुसऱ्या फेरीला डक्ट घालायचा, हा जगभरचा रिवाज आहे. रिकाम्या फेरीत यंत्र दोन-तीनदा अडले तर तिथे नांगराचा नाद सोडून कठीण धातूच्या दातांचे दगड कापणारे चाक आणावे. कातळात नांगर घालणाऱ्याला एझ्रा कॉर्नेलसारखा मोडण्याचा हेतू नसेल, पण परिणाम तोच व्हायचा.

चौथा प्रदेश स्थानकांभोवतीच्या शहराचा. वसई रोड, नालासोपारा, विरार: काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, गटारे, जलवाहिन्या, गॅसच्या नळ्या, आधीच्या पाच कंपन्यांचे डक्ट. इथे नांगराचे नावही काढू नये. शिवाय पश्चिम रेल्वेने शहर उभे चिरले आहे. पूर्वेकडची वाहिनी पश्चिमेला न्यायची तर रुळांखालूनच जावे लागते आणि ते काम ड्रिलिंगशिवाय होत नाही.

आडव्या ड्रिलिंगचा, म्हणजे एचडीडीचा, जन्म १९७१ चा. मार्टिन चेरिंग्टनने कॅलिफोर्नियात एका नदीखालून गॅसवाहिनी नेली ती पहिली. आज महाराष्ट्रात रस्त्याकडेला एक खड्डा, त्यात तिरका रोवलेला दांडा, बाजूला बेंटोनाइटचा चिखल, हे दृश्य शहरागणिक दिसते. रस्ता फुटत नाही हा त्याचा मोठा गुण. दोष लपलेला आहे. वसईच्या पाणथळ रेतीत भोक उभे राहण्यासाठी बेंटोनाइट घट्ट हवे. ते पातळ केले की भोक बसते आणि वरचा रस्ता काही महिन्यांनी खचतो. ड्रिलचे डोके वाटेत जलवाहिनीला भिडले तर पाणी वर येईपर्यंत कोणाला कळत नाही. आणि तीन-चार मीटरवर गेलेला प्लास्टिकचा डक्ट पुढच्या कंपनीला कोणत्याच शोधयंत्राने सापडत नाही. खोल गेले म्हणजे सुरक्षित झाले, हा समज त्यामुळे फारसा खरा नाही.

जमिनीखाली आधीच काय आहे, हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे. बेसुमार खोदकामाने तुटणाऱ्या केबली-वाहिन्यांमुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपये बुडतात, असे केंद्र सरकारनेच सांगितले. त्यावर उपाय म्हणून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. खोदणाऱ्याने आधी सूचना द्यायची आणि तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी उत्तर द्यायचे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली, पण ज्या वाहिनीची नोंद नाही तिच्याबद्दल ॲपही गप्पच राहणार. वाडीचा पीव्हीसी पाइप ॲपवर येणार नाही.

मग रडार फिरवावे म्हटले तर तिथे वसईची माती आडवी येते. जमिनीत लहरी सोडून आतले चित्र दाखवणारे रडार कोरड्या रेतीत छान काम करते. चिकणमातीत आणि खाऱ्या पाण्यात त्या लहरी थोड्याच अंतरात विरतात. म्हणजे खाजणात आणि भरतीच्या पाण्याने भिजलेल्या पट्ट्यात महागडे सर्वेक्षण करूनही पडद्यावर फारसे काही उमटणार नाही. विद्युत लहरींवर चालणारी शोधयंत्रे लोखंडी नळ आणि चालू वीजवाहिनी पकडतात, प्लास्टिक पकडत नाहीत. उरतो तो जुना मार्ग, हाताने खणलेले चाचणी खड्डे. मार्गावर ठरावीक अंतराने आणि प्रत्येक संशयाच्या जागी एक. नांगरासाठी ते दुप्पट गरजेचे, कारण उघड्या चरात मजुराला पाइप दिसतो आणि तो हात थांबवतो. पाती काही पाहत नाही.

सोपाऱ्याच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला त्याच वर्षी मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला. ज्या गावांच्या पोटात अजून काय आहे हे ठरलेले नाही, तिथे आंधळी पाती फिरवण्यापेक्षा हळू चालणारा चर बरा. यात भावनेचा भाग कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. चरात वीट दिसली तर काम थांबवता येते.

हंगामाचाही विचार हवा. पावसाळ्यात रस्ते खोदायला सहसा परवानगी मिळत नाही, त्यामुळे कामे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मेपर्यंत चालतात. नांगरासाठी या काळाचा पहिला तुकडा सोन्याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून झालेला असतो, शेते मोकळी असतात आणि मातीत ओल असते. ओलसर मातीत पातीला लागणारी ओढ कमी होते आणि चीर नीट मिटते. मार्च उजाडला की शेतजमीन वाळून कडक होते, पातीच्या दोन्ही बाजूंनी ढेकळे उचलली जातात आणि चीर उघडी राहते. निविदेची प्रक्रिया जानेवारीपर्यंत लांबली तर नांगराचा हंगाम गेला असे समजावे. आपल्याकडे ती बहुधा लांबतेच.

शहराबाहेर, वाडा-विक्रमगडच्या बाजूला, हिशेब बदलतो. गावांमधली अंतरे मोठी, रस्त्याच्या कडेला मातीची पट्टी, जमिनीखाली जवळपास काही नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम मुळात अशाच मुलखासाठी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या पालघर जिल्ह्यात नांगराला खरी जागा कुठे असेल तर ती इथल्या भातपट्ट्यांत. जव्हार-मोखाड्याच्या कातळात पुन्हा दगड कापणारे चाक, आणि वनजमिनीत आधी वनखात्याची परवानगी.

समुद्रात मात्र केबल नांगर कधीचाच रुळला आहे, हे थोडे गमतीचे. मुंबईत येणाऱ्या बहुतेक आंतरराष्ट्रीय केबली वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. उथळ पाण्यात जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या नांगराने समुद्राच्या तळात त्या पुरतात, ते जहाजांचे नांगर आणि मच्छीमारीची जाळी यांपासून त्या वाचाव्यात म्हणून. वसई-अर्नाळ्याचे कोळी डोल जाळी लावण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवतात, हे लक्षात घेतले तर तळाशी नुसती पडलेली केबल किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. घारापुरीला फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज पोचली तीही साडेसात किलोमीटरच्या समुद्राखालच्या केबलीतूनच.

इतके गुण असताना जमिनीवरचा नांगर आपल्याकडे का दिसत नाही? खडक, गर्दी, खोली ही कारणे आहेतच. पण एक कारण कार्यालयातले आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. सार्वजनिक कामांच्या दरसूचीत खोदाईचे दर माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे वर्गवार आणि घनमीटरवर ठरतात. चर खणला की लांबी, रुंदी, खोली मोजता येते, मोजमाप पुस्तिकेत लिहिता येते. नांगर काहीच बाहेर काढत नाही. मग घनमीटर कसले लिहायचे? आणि डक्ट खरोखर ठरल्या खोलीला गेला की पाती मधेच वर उचलून ठेकेदाराने वेळ वाचवला, हे कनिष्ठ अभियंत्याने टेप लावून कुठे पाहायचे? ही शंका अगदी रास्त आहे. तिला उत्तरेही आहेत. पैसे घनमीटरऐवजी टाकलेल्या डक्टच्या मीटरवर द्यायचे. पातीची खोली जीपीएससह सतत नोंदवणारे उपकरण यंत्रावर सक्तीचे करायचे. आणि अभियंत्याने स्वतः निवडलेल्या जागी तपासणीचे खड्डे घ्यायचे. निविदेत हे लिहिले नाही तर कोणताही शहाणा ठेकेदार नांगर आणणार नाही, आणि आणला तर कोणताही शहाणा अभियंता त्याच्या बिलावर सही करणार नाही.

नवे अवजार आपल्या मुलखात रुळायला वेळ लागतो याचा मोठा दाखला मराठीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावेनात. केबल नांगराबद्दलची शंका तितकी निराधार नाही, कारण इथे चुकले तर शेजारच्या चाळीचे पाणी जाते.

तेव्हा निवड कशी करावी? वसई-विरारच्या हद्दीत केवळ नांगरासाठी महागडे यंत्र विकत घेणे कोणत्याही ठेकेदाराला परवडणार नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. घ्यायचेच तर चराची साखळी आणि कंपन पाती दोन्ही लागणारे, पट्ट्यांवर चालणारे, मीटरभर खोलीचे मध्यम यंत्र घ्यावे. सोसायट्यांची आवारे, रिसॉर्ट, वाड्यांमधली खासगी कामे आणि पश्चिमेचे मोकळे तुकडे त्याने होतील. खासगी शेतात उथळ केबल टाकायची तर ट्रॅक्टरमागे लागणाऱ्या सबसॉयलरला नळकांडे जोडूनही भागते, फक्त ते सार्वजनिक रस्त्याच्या कामाला चालवू नये. दीड मीटरपेक्षा खोल जाणारा जड स्थिर नांगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या लांब मार्गांसाठी भाड्याने आणावा, आणि तोही ऑक्टोबरात. स्थानक परिसरात ड्रिलिंग, पूर्वेच्या कातळात दगड कापणारे चाक आणि उच्चदाबाच्या वाहिनीला वाळू-विटांचा चर, याला आज तरी पर्याय नाही.

महापालिकेला मात्र एक गोष्ट आजपासून करता येण्यासारखी आहे. रस्ता खोदाईचा अर्ज आला की मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची पद्धत आणि चाचणी खड्ड्यांच्या नोंदी मागाव्यात. आणि टाकलेल्या प्रत्येक डक्टचा, खोली आणि जीपीएस बिंदूंसह, नकाशा हातात पडल्याशिवाय ठेकेदाराची अनामत परत करू नये.